कवडीचे मोल आणि गोणीतला समुद्र

"साहेब, या गोणीत समिंदर हाय म्हणत्यात. किती हाय त्यो, तेवढं बघून सांगा."

गेल्या रब्बीच्या तोंडावर तुळजापूर तालुक्यातल्या एका गावी शिवारफेरी आटोपून आम्ही पारावर बसलो होतो. तेव्हा एका वयस्कर शेतकऱ्याने हा प्रश्न विचारला. अण्णांची दीड एकर द्राक्षबाग. ऑक्टोबरची छाटणी झालेली. उसनवारी करून त्यांनी पंचवीस किलोच्या पाच गोण्या आणल्या होत्या. गोणीमागे नऊशे रुपये, म्हणजे साडेचार हजारांचा माल. गोणीवर निळ्या लाटा, खाली मोठ्या अक्षरात 'समुद्री खनिजांनी समृद्ध'. मी गोणी उलटीपालटी करून पाहिली. पोटॅश किती टक्के, मॅग्नेशियम किती, गंधक किती, एक अक्षर नाही. मला अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईना. खरे सांगायचे तर ते कुणालाच देता आले नसते. टक्का छापलेला नसेल तर गोणीत समुद्र आहे की नुसते चित्र, हे कळणार कसे?

शेतकरी बंधूंनो आणि बहिणींनो, त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. आपला धाराशिव जिल्हा समुद्रापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास आत. आपल्यातल्या कित्येकांनी समुद्र पाहिलेलाही नाही. पण समुद्राचे खनिज आपल्या घरात, गोठ्यात आणि शेतात रोज येते. ते किती येते आणि त्याचे आपण किती मोजतो, याचा हिशेब मात्र कुठेच नाही.

कवडी, मीठ आणि लमाणांचे तांडे

समुद्राच्या वस्तूचे मोल आपल्या भागाला नवे नाही. तुळजापुरात आई भवानीच्या दारी कवड्यांच्या माळा मिळतात. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईसारख्या जीवाचे कवच. रसायनाच्या भाषेत ते चुन्याचेच एक रूप. हीच कवडी एके काळी बाजारात चलन म्हणून चालत होती. ती मालदीवसारख्या बेटांवरून यायची. सगळ्यात लहान नाणे म्हणून 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द आपल्या तोंडी बसले. आज सोयाबीन कवडीमोल गेले असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत समुद्राच्याच मापाने मोजत असतो.

दुसरी वस्तू मीठ. आपल्या जिल्ह्यात लमाण तांडे पुष्कळ आहेत. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला असे बरेच जण सांगतात. रेल्वे येण्यापूर्वी कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवायचे आणि देशावरचे धान्य खाली न्यायचे, हा या समाजाचा मोठा व्यवसाय होता. पुढे १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, १९११ साली ती येडशी-ढोकीवरून लातूरला पोचली. देशभर जसजसे रूळ पसरले तसतसा तांड्यांचा व्यापार मोडला. मीठ येतच राहिले, फक्त आणणारा बदलला.

मिठाचा हिशेब सरकारने किती चोख ठेवला होता हेही ध्यानात घ्या. ब्रिटिश अमदानीत मणामणावर कर होता. त्या कराविरुद्ध १९३० साली दांडीला गांधीजींनी, तर आपल्या महाराष्ट्रात वडाळा आणि शिरोडा येथे लोकांनी सत्याग्रह केला. ज्याचे वजन नोंदले गेले त्याच्यावर कर बसला, आणि तो कर गरिबाच्या चुलीपर्यंत पोचला. १९४७ साली तो रद्द झाला. मोजमाप सरकारच्या हाती होते तेव्हा ते आपल्या विरोधात गेले. आता ते आपल्या हाती घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.

मिठागर म्हणजे समुद्राचे गुऱ्हाळ

समुद्राच्या पाण्यात क्षार असतात किती? एक टन पाण्यात साधारण पस्तीस किलो. त्यातला मोठा वाटा खाण्याच्या मिठाचा, सुमारे सत्तावीस किलो. मॅग्नेशियम सव्वा किलोच्या आसपास. कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी चारशे ग्रॅमच्या आसपास. ब्रोमीन साठ-पासष्ट ग्रॅम. बाकीचे त्याहून थोडे.

आपण गुऱ्हाळावर रस आटवतो तसे मिठागरात पाणी आटवतात. फरक इतकाच की तिथे चुलाण म्हणजे ऊन आणि वारा. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात घेत घेत दाट करतात. दाटपणा मोजायला बोमे नावाचे माप असते. समुद्राचे पाणी तीन ते साडेतीन अंश बोमे. ते तेराच्या पुढे गेले की जिप्सम खाली बसू लागतो. पंचवीसला मीठ धरू लागते. एकोणतीसच्या पुढे मीठ काढणे थांबवतात, कारण उरलेले पाणी कडवट होते. त्याला बिटर्न म्हणतात. मॅग्नेशियम, पोटॅश आणि ब्रोमीन त्यातच साठलेले असते.

साखर काढून मळी उरते, तसे मीठ काढून बिटर्न उरते. दोन्हींची गोष्ट एकच आहे. मळीपासून दारूकाम झाल्यावर उरलेले काळे पाणी ही एके काळी कारखान्यांची डोकेदुखी होती. त्यात पोटॅश आहे हे मोजले गेले आणि आता त्यापासून केलेले पोटॅश खत गोणीतून विकले जाते. त्यात किमान साडेचौदा टक्के पोटॅश असावे लागते. बिटर्नचेही तसेच. भावनगर येथे १९५४ साली केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था सुरू झाली. बिटर्नपासून सल्फेट ऑफ पोटॅश काढण्याच्या रीती या संस्थेने बसवल्या. कच्छच्या रणात हाजीपीरला जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ, ब्रोमीन आणि सल्फेट ऑफ पोटॅश काढण्याचे काम चालते. जे पाणी फेकून देत होते त्याला भाव आला, कारण कुणीतरी त्यातला टक्का मोजला.

आता टँकरचा हिशेब करू. टँकर आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. म्युरेट ऑफ पोटॅशच्या पन्नास किलोच्या एका गोणीत साठ टक्के, म्हणजे तीस किलो पोटॅश असते. तेवढे पोटॅश थेट समुद्राच्या पाण्यातून काढायचे तर बासष्ट टन पाणी आटवावे लागेल. म्हणजे बारा हजार लिटरचे पाच टँकर. त्यातून मीठ निघेल दीड टनाहून जास्त आणि पोटॅशची गोणी निघेल एक. म्हणून निव्वळ पोटॅशसाठी कुणी समुद्र आटवत नाही. मिठाच्या मागे ते आपसूक येते तेव्हाच परवडते.

मग आपली म्युरेटची गोणी येते कुठून? परदेशातून. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल या देशांतून. जॉर्डन-इस्रायलचे पोटॅश मृत समुद्राच्या पाण्यातले. कॅनडा-रशियातले खाणीतले, पण त्या खाणीही कोट्यवधी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या समुद्रांचे थर आहेत. म्हणजे गोणी कुठलीही घ्या, मूळ समुद्राचेच. ते हजारो किलोमीटर प्रवास करून येते, म्हणून तिकडे लढाई झाली की इकडे ढोकीच्या दुकानात भाव हलतो.

ज्याने सोने शोधले त्याची गोष्ट

समुद्रातली संपत्ती मोजताना मोठमोठे लोकही फसले आहेत. फ्रिट्झ हाबर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची रीत त्याने काढली. त्या अमोनियापासूनच आज आपला युरिया होतो. त्याला १९१८ सालचे नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली, देशावर प्रचंड दंड बसला. हाबरने मनात घेतले की समुद्राच्या पाण्यातून सोने काढून हा दंड फेडायचा. जुन्या तपासण्यांत एका टन पाण्यात काही मिलिग्रॅम सोने दिसत होते. त्याने ठिकठिकाणचे पाणी आणून बारकाईने तपासले. सोने निघाले, पण अंदाजाच्या हजारपटीने कमी. काही वर्षांत त्याने तो नाद सोडला.

सोने नव्हते असे नाही. काढण्याचा खर्च सोन्याच्या किमतीहून मोठा होता. माझ्या मते शेतकऱ्याने ही गोष्ट खुंटीला टांगून ठेवावी. 'आहे' आणि 'परवडते' यात फार अंतर असते.

आपल्या देशाच्या बाबतीतही हाच विचार लागू आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने समुद्रतळावरचे बटाट्याएवढे काळे गोळे वर काढले. त्यांना बहुधातू गोळे म्हणतात. पुढे मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रावर शोध घेण्याचा करार २००२ साली आपल्या देशाने आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाशी केला. तेथे सुमारे ३८ कोटी टन गोळे असल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यात मँगनीज सव्वानऊ कोटी टनांच्या वर, निकेल ४७ लाख टन, तांबे सुमारे ४३ लाख टन आणि कोबाल्ट साडेपाच लाख टन. गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्याबाहेर चुन्याचा गाळ पंधरा हजार कोटी टनांहून जास्त सांगितला जातो. अशा सागरी खनिजांच्या काही पट्ट्यांचे लिलाव सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुकारले.

आकडे ऐकून छाती फुगते. पण गोळे पडलेत पाच किलोमीटर खोल. ते वर आणायचा खर्च किती, तळाच्या जीवांचे काय, मासेमारीचे काय, हे प्रश्न आहेतच. सात-बारावर विहीर नोंदलेली असली म्हणून तिला पाणी असतेच असे नाही. तसेच हे. तांबे, मँगनीज, कोबाल्ट हीच द्रव्ये आपल्या गाईच्या खनिज मिश्रणात चिमूट-चिमूट असतात. त्यांचा नीट हिशेब आपल्याच गोठ्यात आज करता येतो.

गोणीचा भाव नको, किलोचा भाव काढा

आता मुख्य कामाकडे वळू. खत गोणीने विकत घेतले तरी पीक गोणी खात नाही, गोणीतले द्रव्य खाते. म्हणून रीत सोपी: गोणीचे वजन गुणिले टक्का भागिले शंभर, हे झाले द्रव्याचे वजन. गोणीच्या किमतीला त्या वजनाने भागा, म्हणजे किलोचा खरा भाव निघतो. खालील किमती फक्त रीत दाखवायला धरलेल्या आहेत. तुम्ही आपल्या पावतीवरची किंमत घाला.

म्युरेट ऑफ पोटॅश: पन्नास किलो, साठ टक्के, पोटॅश तीस किलो. किंमत १५०० धरली तर किलोला ५० रुपये.

मळीपासूनचे पोटॅश: पन्नास किलो, साडेचौदा टक्के, पोटॅश सव्वासात किलो. किंमत ५८० धरली तर किलोला ८० रुपये. गोणी स्वस्त दिसली, पोटॅश महाग पडले.

सल्फेट ऑफ पोटॅश: पंचवीस किलो, पन्नास टक्के, पोटॅश साडेबारा किलो. किंमत २५०० धरली तर किलोला २०० रुपये. यात साडेसतरा टक्के गंधकही मिळते आणि क्लोराइड अगदी कमी असते. म्युरेटमध्ये मात्र निम्म्याच्या जवळपास क्लोराइड असते. द्राक्षाला ते सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. म्हणून द्राक्षवाल्याने महाग घेतले तर ते डोळसपणे घेतलेले असते. ऊसवाल्याने तेच घ्यायचे कारण नाही.

मॅग्नेशियम सल्फेट: पंचवीस किलोच्या गोणीत मॅग्नेशियम साधारण साडेनऊ टक्के, म्हणजे अडीच किलोही नाही.

आणि हे सगळे करण्याआधी माती तपासा. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पोटॅश बहुधा चांगले असते. ज्याची गरज नाही ते किलोला एक रुपयाने मिळाले तरी महागच.

गोठ्याचा हिशेब

उस्मानाबादी शेळी ही आपल्या जिल्ह्याची शान. दाण्यातून किंवा चाटण विटेतून शेळीला दिवसाला दहा ग्रॅमपर्यंत मीठ पुरते. वीस शेळ्यांना दिवसाला दोनशे ग्रॅम, वर्षाला त्र्याहत्तर किलो. खडा मीठ दहा रुपये किलो धरले तर ७३० रुपये, शेळीमागे साडेछत्तीस. दुभत्या गाईला रोज तीस ग्रॅम धरले तर वर्षाला अकरा किलो. भूम-परंड्याकडच्या दूधवाल्या बहिणींनी हा आकडा चुन्याने भिंतीवर लिहून ठेवावा. मीठ आणि खनिज मिश्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिले म्हणून दुसरे टळत नाही. मीठ दिले की पाणी भरपूर हवे. कोंबड्यांच्या खाद्यात मात्र मीठ हाताने वाढवू नका, जास्त झाले तर दगावतात. कोंबडीला शिंपल्याची भुकटी द्यायची ती कॅल्शियमसाठी. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते, तेवढे कुठून तरी भरून यावे लागते.

जिथे मीठ विष होते

कोकणात नारळाला मीठ घालतात, म्हणून आपल्याकडेही काही जण बांधावरच्या माडाला मीठ घालतात. तिकडे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, तांबडी निचऱ्याची जमीन. मीठ वाहून जाते. आपल्याकडे पाऊस सातशेच्या आसपास आणि काळी चिकण माती. मिठातले सोडियम जागेवरच राहते, माती चोपण होते, पाणी मुरत नाही. एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला वर्षे लागतात.

गंमत अशी की मिठागरात मिठाच्या आधी जो जिप्सम बसतो, तोच चोपण जमिनीवरचे औषध. रोग आणि उतारा एकाच पाण्यातले. पण उताराही तपासणी करून, मात्रेत आणि निचरा केल्यावरच. जिप्सम घेतानाही शुद्धतेचा टक्का विचारा.

गावाची वही

आपल्या देशात मीठ वर्षाला तीन कोटी टनांच्या आसपास पिकते. चीन आणि अमेरिकेनंतर आपला क्रमांक, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा गुजरातचा. याची नोंद जयपूरचे मीठ आयुक्त कार्यालय ठेवते. देशाचा हिशेब आहे, आता गावाचा करू. दीड हजार वस्तीच्या गावात माणशी रोज दहा ग्रॅम मीठ धरले तर वर्षाला साडेपाच टन फक्त चुलीला. गोठ्याचे वेगळे. खतांचे त्याहून वेगळे. यातून गावाचे लाखो रुपये बाहेर जातात, पण ग्रामसभेत विचारा, आकडा कुणाकडे नाही.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांना विनंती. एक साधी वही घाला. रकाने सहाच: तारीख, माल, वजन, टक्का, किंमत आणि कशासाठी. टक्का नसेल तिथे लाल शाईने शून्य लिहा. प्रत्येकाने पावती घ्यावी आणि वर्षाअखेर बेरीज ग्रामसभेत वाचावी. दहा जणांनी मिळून एकदम माल घेतला तर घासाघीस करता येते, वाहतूक वाचते आणि नमुना तपासायला पाठवायलाही धीर येतो. शाळेतल्या सातवी-आठवीच्या पोरांना ही गणिते द्यावीत; टक्केवारी यापेक्षा चांगली कुठे शिकणार?

आता अण्णांच्या गोण्यांचे सांगतो. दोन गोण्या बागेत पडल्या होत्या, तीन शिल्लक होत्या. आम्ही दुकानदाराकडे गेलो आणि घटकांचे प्रमाण लेखी मागितले. भांडण केले नाही, फक्त लेखी द्या म्हटले. त्याने ते दिले नाही, तीन गोण्यांचे २७०० रुपये मात्र परत दिले. त्याच पैशातून अण्णांनी मातीची आणि पानांच्या देठांची तपासणी करून घेतली. अहवालात पोटॅश भरपूर निघाले. मॅग्नेशियम कमी होते, तेवढेच त्यांनी दिले. दोन गोण्यांचे अठराशे रुपये गेले ते गेलेच.

परवा पुन्हा भेटलो तेव्हा त्यांच्या खिशात नातवाची जुनी वही होती. पहिल्या पानावर ते अठराशे लिहिलेले, आणि पुढे लाल शाईने शून्य. म्हणाले, "साहेब, त्या गोणीत समिंदर किती व्हता त्ये कळलंच न्हाई बघा. पर आता इचारल्याबिगर घेत न्हाई."

*(लेखक पंचायत समितीत विस्तार अधिकारी, कृषी, आहेत.)*